घरटी सांभाळून झाड कसं छाटायचं: नागपूरच्या नवख्यांसाठी

नागपुरात झाडांची छाटणी बहुतेक एप्रिल-मेमध्येच निघते. पहिल्या वादळात फांदी तारेवर पडेल, लाइन जाईल, खाली उभ्या गाडीची काच फुटेल ही भीती असते आणि ती खोटी नाही. अडचण एवढीच, की आपल्याकडच्या बहुतेक पक्ष्यांची वीण नेमकी याच दिवसांत रंगात असते. त्यामुळे सगळ्यात कामाचा सल्ला आधीच देऊन टाकतो. मोठी छाटणी दिवाळीनंतर करा. मे महिन्यात फक्त खरोखर थांबू न शकणारी फांदी काढा, आणि तीही त्याच दिवशी सकाळी झाड पाहून.

खाली लिहिलंय ते सोसायटीच्या कमिटीतल्या लोकांसाठी, बंगल्याच्या मालकांसाठी आणि नुकतंच छाटणीचं काम हाती घेतलेल्या ठेकेदारांसाठी. झाडावर चढणारा माणूस अनुभवी असेल असं आम्ही गृहीत धरलंय. चढणं लेख वाचून शिकायची गोष्ट नाही.

कॅलेंडर आधी, कुऱ्हाड नंतर

जानेवारीपासून सुरुवात करू. घारीची घरटी उंच झाडांच्या शेंड्याजवळ डिसेंबर-जानेवारीतच तयार होऊ लागतात आणि पिल्लं उडेपर्यंत एप्रिल उजाडतो. फेब्रुवारीत ढोलीवाल्यांची पाळी: पोपट, पिंगळा, तांबट, सुतार. मार्चमध्ये राखी धनेश ढोलीत शिरतो. त्याच सुमारास बुलबुल, दयाळ, शिक्रा लागतात. एप्रिलमध्ये कावळा काड्या गोळा करायला लागतो. कोकिळा त्याच घरट्यावर नजर ठेवून असते, म्हणजे कावळ्याचं एक घरटं पाडलं की दोन जातींची पिल्लं जातात. साळुंकी, कोतवाल, हळद्या मेमध्ये भरात असतात.

मृग लागला म्हणून वीण संपत नाही. पावसाळ्यात शिंपी, सुगरण आणि मुख्य म्हणजे बगळे असतात. गायबगळे, ढोकरी, रातबगळे, पाणकावळे जून ते सप्टेंबर एकाच झाडावर डझनांनी घरटी करतात. होले तर बारमाही.

मोकळी उरते ती खिडकी म्हणजे ऑक्टोबरचा मध्य ते डिसेंबरचा मध्य. झाडाच्या दृष्टीनेही ती बरी: पाऊस थांबलेला, लाकडात रस, बुरशीचा जोर ओसरलेला, आणि उन्हाळ्याच्या आत नवी पालवी यायला वेळ. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कापलेल्या झाडाची उघडी पडलेली साल उन्हाने तडकते, हे कडुनिंबावर आणि आंब्यावर सहज दिसतं.

दिवाळीनंतर छाटणी करायची तर परवानगीचं काम गणपतीच्या आसपास सुरू करावं लागतं. बहुतेक सोसायट्यांचं चुकतं ते इथेच. एप्रिलमध्ये आठवण होते, मेमध्ये अर्ज जातो, ठेकेदार जूनच्या पहिल्या आठवड्यात मोकळा होतो.

कागदपत्रं

झाड तुमच्या कंपाउंडमध्ये असलं तरी शहरात ते 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५' खाली येतं. या कायद्यात झाड तोडणं म्हणजे फक्त बुंध्यातून आडवं पाडणं नव्हे. जाळणं, कापणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं हेही त्यात धरलंय. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं. सिव्हिल लाइन्स, सेमिनरी हिल्स, धरमपेठ, रामदासपेठ भागात काम असेल तर हा मुद्दा आधी तपासा. अर्ज मनपाच्या उद्यान विभागाकडे जातो. सोबत चार फोटो जोडा: पूर्ण झाड, नेमकी फांदी, ती ज्यावर येतेय ती तार किंवा भिंत, आणि बुंधा. घरटं दिसत असेल तर तेही अर्जात लिहा. बरेच जण घाबरून लिहीत नाहीत. पण नंतर कोणी तक्रार केली तर तुमच्या बाजूने बोलणारा तोच कागद असतो.

दुसरा कायदा १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम. त्यातल्या 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी खराब करणं, अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणं हेही येतं. म्हणजे मनपाची परवानगी हातात असली तरी ती फांदीपुरती असते, घरट्यापुरती नसते. 'परमिशन आहे ना' म्हणून पिल्लांसकट फांदी पाडली तर ते समर्थन टिकत नाही.

तारेजवळची फांदी असेल तर महावितरणला कळवून लाइन बंद करून घ्या. तारेपासून ३ मीटरच्या आत चालू लाइनवर काम करायचंच नाही. ओली फांदी वीज वाहते.

झाड बघायची पद्धत

साहित्य फार लागत नाही. ८×४० ची साधी दुर्बीण, वही, लाल आणि पांढरी रिबन, आणि ढोली तपासायला मोबाइलला जोडता येणारा, लांब वायरचा एंडोस्कोप कॅमेरा.

पहिली पाहणी कामाच्या सात-आठ दिवस आधी करा. झाडाला चारही बाजूंनी फेरी मारा, पण आधी वर नाही, खाली बघा. जमीन जास्त बोलते. एकाच जागी पांढऱ्या विष्ठेचा सडा असेल तर वर रोजची बसायची जागा किंवा घरटं आहे. लाकडाचा ताजा भुसा पडलाय म्हणजे तांबट किंवा सुतार वर ढोली कोरतोय. केस आणि हाडांचे तुकडे असलेल्या राखाडी गुठळ्या घुबडाच्या. बुंध्याशी वड-पिंपळ-उंबराच्या बियांचा आणि विष्ठेचा ढीग एकाच ठिकाणी साचला असेल तर मान वर करून ढोली शोधा, धनेश असण्याची शक्यता मोठी आहे.

धनेशाबद्दल थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण नागपुरात तो चांगला टिकून आहे आणि नवखा माणूस सगळ्यात जास्त फसतो तो इथेच. मादी ढोलीत शिरते आणि आतून विष्ठेने तोंड लिंपून घेते. उरते ती एक उभी फट, चोच बाहेर येईल एवढी. खालून बघणाऱ्याला ती ढोली वाटतच नाही. मातीने बुजलेली जुनी गाठ वाटते. आत मादी पिसं झडून बसलेली असते, उडूच शकत नाही. नर दिवसातून अनेकदा येतो, फटीजवळ लटकतो आणि गळ्यातून एकेक उंबर काढून आत देतो. फांदी कापली तर मादीला सुटकेची वाटच नाही. मादी आत गेल्यापासून पिल्लं बाहेर पडेपर्यंत अडीच-तीन महिने जातात. तेवढे दिवस त्या झाडावर काहीही करायचं नाही, आणि नर मारला गेला किंवा घाबरून फिरकेनासा झाला तर आतलं सगळं कुटुंब उपाशी मरतं, हे डोक्यात ठेवून शेजारच्या झाडावरही यंत्र लावू नये.

आता वर बघा. प्रत्येक बेचकं, प्रत्येक वाळकी फांदी, प्रत्येक छिद्र. ढोली वापरात आहे का हे तिच्या कडेवरून कळतं. तोंडावर कोळ्याचं जाळं अखंड असेल तर सध्या कोणी नाही. कड घासून गुळगुळीत झाली असेल तर येणंजाणं आहे. कडेची साल कुरतडून आतलं फिकं लाकूड दिसत असेल तर पोपट. तांबटाचं छिद्र जवळपास गोल असतं आणि बहुतेक वेळा वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला असतं, त्यामुळे वरून चढलेल्या माणसाला ते दिसत नाही. वाळकी फांदी निरुपयोगी म्हणून सगळ्यात आधी तीच कापली जाते, आणि तांबट-सुतारांची पिल्लं सगळ्यात जास्त जातात तीही त्यामुळेच.

बुंध्यावर काठी आपटून 'आत कोणी आहे का' बघायची जुनी सवय सोडा. अंड्यांवर बसलेला पक्षी अनेकदा हलत नाही, आणि हलला तर दचकून उडताना अंडी फुटण्याची भीती असते. कॅमेऱ्याची वायर हळूच, तोंडाच्या वरच्या कडेने आत घाला, पाच-दहा सेकंद बघा आणि काढा. हात कधीच घालू नका. उन्हाळ्यात ढोलीत घोरपड, साप, उदमांजर, मधमाश्या यांपैकी कोणीही असू शकतं.

कुंपणाच्या मेंदीत, कण्हेरीत, ड्युरांटात बुलबुलाचं घरटं कमरेपासून डोक्याच्या उंचीपर्यंत असतं. कात्री चालवण्याआधी फांद्या हाताने बाजूला करून बघा. शिंपी दोन-तीन पानं कापसाने आणि कोळ्याच्या धाग्याने शिवतो. पानाच्या कडेला कापसाचे बारीक पांढरे ठिपके दिसले की ते टाके समजा. शिंजिराचं घरटं तर कचरा लटकल्यासारखं दिसतं: सुकी पानं, सालीचे तुकडे, जाळी, आणि बाजूला छपरी असलेलं दार. झाडूने ओढून काढलेली अशी घरटी दर उन्हाळ्यात कचऱ्याच्या टोपलीत जातात.

खारीचं घरटं म्हणजे काथ्या, कापूस, चिंध्यांचा गोळा. जुनं कावळ्याचं घरटं तिला पाया म्हणून चालतं. त्यामुळे 'रिकामं घरटं आहे' असं म्हणण्याआधी आत कापूस कोंबलाय का ते बघा.

दुरून नक्की होत नसेल तर एक बैठक द्या. सकाळी सूर्योदयानंतर पाऊण तास आणि संध्याकाळी पाऊण तास, झाडापासून १५-२० मीटरवर, गाडीत किंवा गच्चीवर बसून. चोचीत काडी दिसली तर घरटं बांधणं चालू. चोचीत अळी किंवा फळ असेल तर बहुधा पिल्लं आहेत. चोचीत पांढरी पिशवीसारखी वस्तू घेऊन बाहेर पडला तर तो पिल्लांची घाण नेऊन टाकतोय, म्हणजे पिल्लं अगदी नक्की. एकदाही ये-जा नाही आणि तीन बैठकांत तसंच असेल, तर रिकामं धरायला हरकत नाही.

दुसरी पाहणी कामाच्या दिवशी सकाळीच. ही टाळायची नाही. होल्याचं घरटं म्हणजे पंधरा-वीस काड्या. दोन-चार दिवसांत बांधून अंडं पडलेलं असतं. आठ दिवसांपूर्वीचा 'काही नाही' हा शेरा कामाच्या दिवशी कागदाच्या किमतीचाही नसतो.

किती थांबायचं, किती लांब राहायचं

घरटं सापडलं की पहिला प्रश्न येतो: किती दिवस? अंदाज असा. होला आणि बुलबुल साधारण महिनाभरात मोकळे होतात. साळुंकीला पाच-सहा आठवडे, कावळ्याला सहा-सात. पोपटाला अंड्यापासून उडेपर्यंत अडीच महिने. घार आणि धनेश तीन महिन्यांपर्यंत. अंडी कधी घातली हे माहीत नसतं, म्हणून अर्धा काळ गेला असं मनाशी धरून गणित करू नका. आठवड्याने एकदा दुर्बिणीने बघा.

अंतरासाठी आम्ही वापरतो तो हिशोब कामाचा आहे, कायद्याचा नाही. होला, बुलबुल, शिंजीर, शिंपी अशा लहान घरट्याभोवती सगळ्या बाजूंनी ३ ते ५ मीटर. कावळा, साळुंकी, पोपट, पिंगळा असेल तर त्या फांदीचा पूर्ण जोड आणि भोवती ८-१० मीटर. घार, शिक्रा, धनेश, बगळ्यांची वसाहत असेल तर अख्खं झाड सोडायचं. सोडलेल्या भागाच्या सीमेवर लाल रिबन, कापायच्या फांदीवर पांढरी. रंगाने खूण करू नका; पुढच्या वर्षी तोच डाग बघून दुसरा माणूस भलतीच फांदी कापतो.

चढणाऱ्याला सूचना तोंडी आणि बोट दाखवून द्या: 'भाऊ, लाल रिबनच्या वर काहीच नाही घ्यायचं. वर कुठं घरटं दिसलं तर हात थांबवा अन् आवाज द्या, आपण बघू.' 'आवाज दिला तर रोजी कापली जाईल' असं त्याला वाटत असेल तर तो आवाज देणार नाही. म्हणून मजुरी फांदीवर नको, दिवसावर ठरवा. छाटणीतल्या घरट्यांचं नशीब बरंचसं या एका व्यवहारावर ठरतं.

सावलीची फांदी

घरट्याला हात लावला नाही, फांदीही तशीच ठेवली, तरी पिल्लं मेली, असं होतं तेव्हा कारण बहुतेक ऊन असतं. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे अखेर, साधारण २६ तारखेला, दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली पायाशी गोळा होते. नवतपा त्याच दिवसांत. तापमान ४५ च्या घरात. अशा वेळी घरट्यावरची वरची पालवी काढली की उघडं घरटं तव्यावर ठेवल्यासारखं होतं, आणि दोन ते चारच्या उन्हासाठी पश्चिमेची पालवी तेवढीच लागते. शिवाय झाकण गेलं की कावळ्याला आणि घारीला घरटं लगेच दिसतं.

म्हणून नियम असा: घरट्याच्या वरची आणि पश्चिमेची फांदी पिल्लं उडेपर्यंत तशीच ठेवा, ती कितीही 'आडवी येते' असं वाटलं तरी.

उदाहरण घेऊ. गेटजवळ १२ मीटरचा कडुनिंब, ८ मीटरवर बेचक्यात कावळ्याचं घरटं, आणि त्याच डगालीचं (जाड मोठ्या फांदीचं) टोक घराच्या सर्व्हिस वायरला टेकतंय. ठेकेदार म्हणेल, डगालच काढून टाकू, एक कट आणि काम संपलं. तारेचं काम थांबू शकत नाही, म्हणून वरच्या अंतराला इथे अपवाद करावा लागतो; पण तारेला त्रास फक्त टोकाच्या मीटर-दीड मीटरचा आहे. लाइन बंद करून, लांब दांड्याच्या करवतीने जमिनीवरून किंवा शिडीवरून तेवढीच टोकं मागे घ्यायची, प्रत्येक टोक मागच्या उपफांदीपर्यंत. डगालीचा निर्णय नोव्हेंबरमध्ये. कावळे डोक्यावर झेपावतील, हेल्मेट असू द्या.

कापताना

मेमध्ये काम करायचंच असेल तर सकाळी साडेसहा ते साडेनऊ. दुपारी पक्षी अंड्यांवर उब द्यायला नाही, सावली धरायला बसलेला असतो. त्याला तेव्हा उडवलं तर अर्ध्या तासात नुकसान होतं. सकाळी थोडा वेळ दूर गेला तर चालून जातं. पाऊण तास काम, वीस मिनिटं पूर्ण शांतता. या वीस मिनिटांत पक्षी परत घरट्यावर आला का ते एकाने बघत बसायचं. नाही आला तर त्या बाजूचं काम त्या दिवशी बंद.

घरट्यापासून सगळ्यात लांबच्या बाजूने सुरू करा. लाल रिबनच्या जवळ चेनसॉ नाही, हातकरवत. आवाजापेक्षा फांदीतून जाणारी थरथर जास्त त्रासाची. एकाच डगालीवर चेनसॉ चालली की टोकाच्या घरट्यातली अंडी हलतात.

कट तीन टप्प्यांत. पहिला खालून, मुख्य फांदीच्या जोडापासून साधारण ३० सेंटीमीटर अंतरावर, जाडीच्या पाव ते एकतृतीयांश. दुसरा वरून, पहिल्यापेक्षा ३-५ सेंटीमीटर टोकाकडे. इथे फांदी सुटते आणि साल फाटत खाली येत नाही. तिसरा उरलेल्या खुंटाचा, जोडाशी जी सुजलेली कड असते तिच्या अगदी बाहेर. ती कड कापली तर जखम भरत नाही. लांब खुंट ठेवला तर तो कुजतो. नागपुरातल्या रस्त्याकडेच्या कितीतरी ढोली अशाच चुकीच्या खुंटांतून तयार झाल्यात. पिंगळ्याची सोय झाली म्हणायची, पण झाड आतून पोकळ झालं ते झालंच. कटावर डांबर किंवा रंग लावायची गरज नाही. झाड जखम भरतं ते कडेच्या सालीतून, लेपातून नाही.

फांदी सोडून देऊ नका, दोराने उतरवा. १२ मिलिमीटरचा ३० मीटर दोर, वरच्या मजबूत बेचक्यातून, खाली धरणारा माणूस कडेला. सुटी पडणारी फांदी खालच्या फांद्यांवर आपटते आणि तुम्ही जपलेलं घरटं तिथेच असतं.

एका वेळी पालवीच्या पावभागापेक्षा जास्त काढू नका. झाड बोडकं केलं तर त्यावर झुडपासारख्या कमजोर फांद्या फुटतात, त्या दोन-तीन वर्षांत वादळात तुटतात आणि तुम्ही परत ठेकेदाराला फोन करता.

वाळकी फांदी पायवाटेवर, गाड्यांवर किंवा तारेवर येत नसेल तर पूर्ण काढू नका. मीटर-दीड मीटरचा खुंट ठेवलात तर पुढच्या फेब्रुवारीत तांबट त्यात छिद्र पाडेल.

खाली पडलेला पाला त्याच दिवशी उचला. ढीग चार दिवस राहिला की त्यात सरडे, साप, मुंगूस, कधी सातभाईही शिरतात आणि मग ट्रॅक्टर भरताना चिरडले जातात. पोकळ ओंडका मात्र उलट: तो एक रात्र बुंध्याशीच उभा ठेवा, तोंड मोकळं. खारीची पिल्लं आत असतील तर आई रात्रीतून किंवा पहाटे एकेक करून उचलून नेते.

आग्या मोहोळ

उंच फांदीच्या खालच्या बाजूला लटकणारं अर्धगोल काळपट पोळं दिसलं तर त्या झाडावर आणि लगतच्या झाडावर यंत्र चालवायचं नाही, धूर करायचा नाही, रात्री पाणी मारायचा प्रयोग करायचा नाही. एक माशी चिरडली की तिच्यातून सुटणाऱ्या वासाने बाकीच्या पेटून उठतात. या माश्या मुक्काम करून असतात. काही महिन्यांत आपणहून उठून जातात. थांबणं स्वस्त पडतं. हल्ला झालाच तर हात न झाडता, तोंड झाकून सरळ पळा आणि खोलीत किंवा गाडीत शिरून काचा बंद करा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात. काटे नखाने खरवडून लवकर काढा. दम लागला, चेहरा सुजला किंवा काटे खूप असले तर थेट दवाखाना.

बगळ्यांचं झाड

चिंच, वड, रेन ट्री यांवर बगळ्यांची वसाहत बसली की दोन आठवड्यांत वास आणि पांढऱ्या सड्याच्या तक्रारी सुरू होतात. ऐन जुलैत 'फांद्या तरी मारून द्या' म्हणणारा कोणीतरी असतोच. त्याला उत्तर एकच: पिल्लं उडेपर्यंत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत गाड्या दुसरीकडे लावा, पायवाटेवर ताडपत्रीचं छप्पर करा, सडा रोज सकाळी ओला करून धुवा. वाळल्यावर झाडू मारला तर धूळ नाकात जाते. पुढच्या वर्षी बगळे तिथे नको असतील तर नोव्हेंबरमध्ये, रीतसर परवानगीने, थोडं विरळ करा. वसाहत शेजारच्या झाडावर जाईल, हेही समजून असा.

घरटं पडलंच तर

आधी काम थांबवा आणि खाली पाय बघून टाका. पिसं नसलेलं किंवा नुकतीच पिसं फुटू लागलेलं पिल्लू घरट्यात परत जायला हवं. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, ही समजूत चुकीची आहे. बहुतेक पक्ष्यांना वासाने काही फरक पडत नाही. घरटं फाटलं असेल तर तळाला भोकं पाडलेली छोटी टोपली किंवा नारळाची करवंटी घ्या, त्यात जुन्याच घरट्याचं साहित्य भरा आणि जुन्या जागेपासून शक्य तितक्या जवळ, सावलीत, तारेने पक्की बांधा. पिल्लू ठेवा आणि लांब जा. दोन तास दुरून बघा.

पिसं आलेलं, उड्या मारणारं, आखूड शेपटीचं पिल्लू हरवलेलं नसतं, उडायला शिकतंय. कुत्र्या-मांजरापासून दूर, जवळच्या झुडपात ठेवा आणि सोडून द्या. असली धडधाकट पिल्लं उचलून घरी नेणारे दयाळू लोक दरवर्षी निघतात.

ढोलीची फांदी आधीच तुटून लटकलेली असेल आणि आत मोठी पिल्लं असतील तर एक उपाय आहे. ढोलीच्या वर आणि खाली ३०-४० सेंटीमीटर सोडून ओंडका कापायचा, उभाच ठेवून दोराने उतरवायचा, आणि त्याच झाडाच्या बुंध्याला, तोंड त्याच दिशेला करून, रुंद पट्ट्याने बांधायचा. पोपट-पिंगळ्यांत हे कधी साधतं. पण आधी वनविभागाला विचारून. अंडी असतील तर सहसा साधत नाही.

जखमी पिल्लाला पाणी चोचीत ओतू नका, ते श्वासनळीत जातं. दूध, ब्रेड, भात काही नाही. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, तळाला जुना टॉवेल, झाकण बंद, घरातली थंड आणि अंधारी जागा, कुलरसमोर नाही. बगळा किंवा ढोकरी असेल तर आधी टॉवेल टाका आणि डोळ्यांवर गॉगल चढवा, त्यांची चोच थेट डोळ्याकडे येते. मग वनविभागाचा 'हॅलो फॉरेस्ट' क्रमांक १९२६ लावा. सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, जखमी वन्यप्राणी-पक्षी तिथे घेतात. फोन करताना वेळ, झाडाचा नेमका पत्ता आणि पिल्लू कुठे सापडलं हे सांगा. बरं झाल्यावर ते त्याच जागी सोडता येतं. पोपटाचं पिल्लू 'तोवर पाळू' म्हणून ठेवून घेणं गुन्हा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा झाडाखाली जा. लाल रिबनच्या आत ये-जा चालू आहे का बघा, वहीत तारीख आणि झाड लिहा, आणि पांढऱ्या रिबनच्या ज्या फांद्या राहिल्या त्यांच्यापुढे 'नोव्हेंबर' असं लिहून ठेवा.